काहिलीवरचा दिवा

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आठ-पंधरा दिवसांत आमच्याकडच्या हवेला एक वास यायला लागतो. उकळत्या रसाचा, जळत्या चिपाडांचा आणि मधेच कुठून तरी ओल्या मळीचा. पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलं की गाडीच्या काचा बंद असल्या तरी तो आत येतोच. बरोबरची माणसं लगेच गाडी थांबवायला लावतात. कुणाला बाटलीभर काकवी हवी असते, कुणाला गरम गुळाचा खडा. सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटतं. मी गाडीतच बसून राहते. "तुम्ही नाही उतरत?" असं कुणी विचारलंच तर डॉक्टरांनी गोड बंद केलंय म्हणून सांगते. डॉक्टरांनी तसलं काही केलेलं नाही. माझी साखर माझ्या वयाच्या मानानं फार सज्जन आहे.

माणसानं कशाला भ्यावं याला काही धरबंध नसतो. आमची आई नागाला हात जोडायची आणि पालीला बघून किंचाळायची. माझ्या वर्गातली मुलं मार्च महिन्याला भ्यायची. मी गुऱ्हाळाच्या हंगामाला भिते. इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, तरी मार्गशीर्षातल्या सकाळी तो वास आला की कान कसला तरी बारीक आवाज शोधायला लागतात. मी एकदा बनवलेल्या पेटीतला रिले, म्हणजे विजेची आपोआप मिटणारी कळ, ओढला जाताना होणारा 'टक्' असा आवाज. त्या आवाजानंतर लाल दिवा लागायचा.

दरवर्षी नेमक्या याच दिवसांत कुठलं ना कुठलं कॉलेज मला भाषणाला बोलावतं. विषय ठरलेला असतो: नवनवीन शोध आणि तंत्रज्ञानातलं करिअर. शाल, नारळ, पुष्पगुच्छ. मग समोरची मुलं विचारतात, "मॅडम, तुम्हाला भीती नाही का वाटली? त्या काळात, एक मुलगी, उद्यमनगरात, एकटी?" आणि मी म्हणते, "भीती कसली? अपयशाला घाबरायचं नाही." टाळ्या पडतात. मी खाली बसते आणि पाणी पिते. धडधडीत खोटं बोलल्यावर घसा कोरडा पडतो, हा माझा जुना अनुभव आहे.

खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी भीतीशिवाय दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला तेव्हा वर्गात सगळी मुलं आणि मी एकटी. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला पाठवायची वडिलांची तयारी नव्हती. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते आणि जगातली कुठलीही गोष्ट गळणारच, या धोरणानं जगायचे. अण्णांच्या कारखान्यात मला काम मिळालं तेव्हा त्यांनी एकच अट घातली. "शिमग्यापर्यंत बघू. तोवर काही जमलं तर ठीक, नाही तर मुकाट्यानं स्थळं बघायची." शिमगा म्हणजे चार-साडेचार महिने. मी मान डोलावली. डोलावताना मानेत कळ आली, इतकी ती ताठ झाली होती.

अण्णा म्हणजे उद्यमनगर या आमच्या गावच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या एका शेडचे मालक. शिक्षण चौथी. इंजिनांचे आणि उसाच्या चरकांचे सुटे भाग बनवायचे. आमच्या गावात तेव्हा शोध लावायची एक ठरलेली पद्धत होती. कुठलंही परकं यंत्र दिसलं की "आणा हिकडं, खोलून बघू." खोलायचं, पसरायचं, प्रत्येक तुकडा हातात घेऊन त्याला शिवी द्यायची आणि मग त्याच्यापेक्षा दणकट तुकडा आपण ओतायचा. अण्णा म्हणायचे, "परदेशातलं माणूस काय दोन डोस्की घिऊन जल्मतंय व्हय?" मला ते फार आवडायचे आणि त्यांची फार भीतीही वाटायची, कारण त्यांना 'होणार नाही' हे वाक्य ऐकू यायचं नाही.

चरक विकता विकता त्यांच्या कानावर गुऱ्हाळवाल्यांचं एक रडगाणं सारखं यायचं. चांगला गुळव्या मिळत नाही. रस काहिलीत उकळत असतो, दाट होत असतो, आणि तो नेमका कुठल्या क्षणी उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. चार उकळ्या आधी उतरवला तर गूळ बसत नाही, चिकटा होऊन राहतो. चार उकळ्या उशीर झाला तर करपतो. हंगामात गुळव्याला तीन-तीन गुऱ्हाळांची बोलावणी असत, आणि तो रुसला की गुऱ्हाळ बंद. अण्णांच्या डोक्यात एक दिवस वीज चमकली. त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "बाई, अशी पेटी करा की गूळ झाला की तिनंच सांगाय पायजे. दिवा लावा, घंटा लावा, काय बी लावा. पर माणसानं इचारायचं न्हाय, पेटीनं सांगायचं."

शेडच्या कोपऱ्यात, लेथच्या पाठीमागं, मला एक टेबल मिळालं. त्यावर सोल्डरिंगची सळई, एक मीटर आणि पुण्याहून मागवलेले सुटे भाग. आजूबाजूला दिवसभर लोखंडाचा खणखणाट. माझ्याशी कुणी वाईट वागलं नाही. पण मी सळई हातात घेतली की लेथवरची दोन माणसं हळूच काम थांबवून बघायची. त्या बघण्यात वाईट काही नव्हतं, नुसती उत्सुकता होती. पोरीला जमतंय का! तेवढ्यानंही सोल्डरचा थेंब भलतीकडं पडायचा. मी मग सळई साफ करायचं नाटक करायची. त्या वर्षी जिल्ह्यातली सर्वात स्वच्छ सळई माझीच असेल.

पेटी झाली. पितळेची एक लांब नळी, तिच्या टोकात उष्णता ओळखणारा दाणा, नळीतून निघालेली वायर, आणि वायरीच्या दुसऱ्या टोकाला टिनाची पेटी. रस ठरलेल्या उष्णतेला पोचला की आतला रिले ओढला जाणार आणि लाल दिवा लागणार. प्रश्न एवढाच होता की ठरलेली उष्णता म्हणजे किती? ते पुस्तकात होतं, पण अण्णांचा पुस्तकावर विश्वास नव्हता. ते म्हणाले, "दस्तगीरभाईकडं जा. त्येचा हात बघा, तितंच खूण करा."

दस्तगीरचाचा तेव्हा पन्नाशीचे असावेत. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गुऱ्हाळावर ते गुळव्या होते. उंच, वाळलेले, दाढीत दोन रंग, आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत रसाच्या शिंतोड्यांचे डाग. मी पेटी आणि तांब्याच्या वायरी खांद्यावर घेऊन उभी राहिले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "पावणं कुठलं?" अण्णांचं नाव सांगितलं तसे हसले. "आस्सं व्हय! म्हंजे माझी सवत आणलीसा की खांद्यावर." चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या गड्यापासून सगळे हसले. मीही हसले. हसताना मला पहिल्यांदा कळलं की आपण इथं काय करायला आलो आहोत. तोवर मी फक्त माझ्या नोकरीला भीत होते. आता आणखी एक भीती आत येऊन बसली. ही पेटी चालली नाही तर माझं काय, हा एक प्रश्न, आणि चालली तर ह्यांचं काय, हा दुसरा.

काहील लांबून फार देखणी दिसते. जवळ गेल्यावर मात्र अंगावर काटा येतो. दोन माणसं आडवी मावतील एवढी लोखंडी परात, खाली भट्टी, आणि वर फसफसत येणारा सोनेरी फेस. काठाशी जमीन ओली आणि निसरडी. मला नळी रसात धरून उभं राहावं लागायचं. एक पाय घसरला तर, हा विचार त्या तीन आठवड्यांत माझ्या मनातून एक मिनिटही गेला नाही. साडीचा पदर कमरेला इतका आवळून खोचायची की घरी गेल्यावर वळ दिसायचे. चाचांच्या ते ध्यानात आलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी काहीही न बोलता काठाजवळ कोरडी चिपाडं पसरून ठेवली आणि वर एक पोतं टाकलं. "हितं उभा ऱ्हावा. हितनं पाय जाईत न्हाय."

मी त्यांचा हात बघायची. आधी ते बघायचे नाहीतच, ऐकायचे. मान जराशी वाकडी करून. रसाचा आवाज सुरुवातीला खळखळ असतो, मग तो जड होतो, मग नुसता फदफद. "आता बोलाय लागला बघा," ते म्हणायचे. मग लाकडाच्या टोकावर थेंबभर घेऊन गार पाण्याच्या वाटीत सोडायचे, बोटांनी त्याची गोळी वळायचे आणि ती काहिलीच्या काठावर मारायचे. टण्ण वाजली की "उतराऽ!" त्या एका शब्दावर आठ गडी धावायचे, काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गार करायच्या उथळ हौदात, रस ओतला जायचा, आणि मी घाईघाईनं मीटरचा काटा कुठं आहे ते वहीत टिपायची.

आणि काय सांगू, प्रत्येक आधणाला, म्हणजे दर काहिलीला, काटा जवळजवळ त्याच जागी! मी वेडी व्हायची बाकी होते. तीस वर्षांचा हात आणि दोन महिन्यांची पेटी एकाच आकड्यावर. शेवटच्या दिवशी मी आतला स्क्रू त्या आकड्यावर आणून ठेवला आणि अण्णांनी सांगितल्याप्रमाणे त्याच्यावर लाख ओतून तो बंद करून टाकला. कुणी हात लावायला नको. चाचा माझ्या मागं उभे होते. म्हणाले, "बंद केलं व्हय? ह्यो माळाचा ऊस हाय बाई. नदीकाठचा बघा, मग कुलूप घाला."

मला ते ऐकू आलं. आज मी ते नाकारत नाही. पण नदीकाठचा ऊस बघायचा म्हणजे आणखी तीन आठवडे. संक्रांत जवळ आली होती, शिमगा तिच्या पाठोपाठ दिसत होता, आणि अण्णा रोज सकाळी टेबलापाशी येऊन "झालं का?" असं विचारत होते. 'नाही झालं' म्हणायची भीती वाटली. शोध लावणाऱ्या माणसाला हवा तेवढा वेळ कधी मिळत नाही असं मी पोरांना भाषणात सांगते, आणि ते खरंही आहे. पण मला वेळ कमी पडला नव्हता. मी तो मागितलाच नव्हता.

संक्रांतीनंतर अण्णांनी प्रयोग ठरवला. पंचगंगेच्या काठी बापूसाहेबांचं मोठं गुऱ्हाळ होतं. पाणी पिऊन पिऊन जमीन खारवटलेली, वर मिठासारखा पांढरा थर. बापूसाहेब म्हणजे तालेवार शेतकरी, मिशीवर ताव आणि तोंडात पान. त्यांनी शेजारच्या गावांतले पाच गुऱ्हाळवाले बोलावले होते. दस्तगीरचाचाही तिथंच होते, कारण वर्षानुवर्षं बापूसाहेबांची पौषातली आधणं त्यांच्याच हातची. घोंगडी अंथरली, पाहुण्यांना ताज्या रसाचे पेले फिरले, आणि अण्णांनी सगळ्यांना मोठ्या आवाजात सांगितलं, "आता गुळव्यानं काय बोलायचं न्हाय आन् तुमी बी काय बोलायचं न्हाय. पेटी बोलंल."

चाचा हसले नाहीत. खाली बघून त्यांनी काहिलीत भेंडीचा चिकट रस टाकला आणि वर आलेली मळी काढायला सुरुवात केली.

त्या सकाळचं ऊन मला अजून आठवतं. कोवळं होतं आणि माझे दात वाजत होते. नळी रसात होती. माझं एक बोट पेटीवर. मी चाचांकडं बघत होते आणि ते काहिलीकडं. आवाज खळखळ होता. अजून खळखळ होता. आणि 'टक्'. दिवा लागला.

घोंगडीवरची माणसं "आरं तिच्या!" करून उठली. अण्णांनी मांडीवर थाप मारली. गडी काहिलीकडं धावले. चाचांनी एक हात वर केला. लाकडाच्या टोकावर थेंब घेतला, पाण्यात सोडला, बोटांत धरला. गोळी वळली नाही. लोळागोळा होऊन बोटाला चिकटली. ती त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"आजून न्हाय," ते म्हणाले. "खारवट रानाचा ऊस हाय. चार उकळ्या पायजेत."

बापूसाहेबांनी दिव्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काय करायचं बाई? पेटीचं खरं का दस्तगीरचं?"

मला माहीत होतं. तीन आठवडे मी तो आवाज ऐकला होता, तो रस अजून जड झालेला नव्हता, हे माझ्या कानांना कळत होतं. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं: चाचांचं खरं. एवढे दोन शब्द. पण समोर पाच पाहुणे उभे होते, अण्णांचा चेहरा नुकता उजळलेला होता, आणि मला एकदम घरातली बैठक दिसली, पोह्याची बशी दिसली, चष्मा पुसणारे वडील दिसले. मी एवढंच म्हणाले, "दिवा लागलाय."

खोटं काहीच नव्हतं त्यात. दिवा लागलाच होता.

चाचांनी माझ्याकडं पाहिलं. फार वेळ नाही, एक उकळी येऊन फुटेल इतकाच वेळ. मग त्यांनी बोटाचा रस धोतराला पुसला आणि ओरडले, "उतराऽ!"

दुपार कलली तरी गूळ बसला नाही. पाहुणे जेवून, पान खाऊन परत आले. बापूसाहेबांनी भरलेल्या एका बादलीत बोट घातलं, ते पेरापर्यंत आत गेलं आणि बाहेर येताना तार लागली. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या वर्षांत तसं त्यांनी पुन्हा कधी बघितलं नाही. मी चरकाच्या खांबाला टेकले.

तेव्हा चाचा पुढं आले. म्हणाले, "पेटीचं बराबर हुतं. माझंच चुकलं. भेंडीचा रस कमी घातला आन् मळी ऱ्हायली. मळी ऱ्हायली की गूळ बसत न्हाय, तुमाला ठाव हायच की." आणि मग बापूसाहेबांकडं बघून, "आता वय झालं मालक. हात चुकतोय कवा कवा."

मळी राहिली नव्हती. मी डोळ्यांनी बघितलं होतं, आरशासारखा रस होता.

मी काहीही बोलले नाही.

घरी वडिलांनी विचारलं, "कसं झालं?" मी म्हणाले, "चांगलं झालं." आणि गंमत म्हणजे खरोखरच चांगलं झालं. पाचांपैकी तिघांनी आणि खुद्द बापूसाहेबांनी पुढच्या हंगामासाठी पेट्या सांगितल्या. शिमगा आला, होळी पेटली, वडील स्थळांचं काही बोलले नाहीत. टेबल माझं राहिलं. अण्णांनी त्यावर एक दिवाही लावून दिला, उजेडाला. त्या दिव्याखाली बसून मी पेट्या जुळवायची आणि प्रत्येक पेटी जुळवताना मनात यायचं. यातली कुठली खारवट रानात जाईल? कुठली चार उकळ्या आधी बोलेल? आणि तेव्हा चूक माझीच म्हणायला कोण उभं राहील?

पुस्तकात नापास होण्याची भीती लिहिलेली असते. पास होऊन बसल्यावर जी भीती वाटते तिच्याबद्दल कुणी लिहीत नाही. नापास झालेल्या माणसाला निदान झोप लागते.

त्या उन्हाळ्यात मी एसटीनं मलकापूरला गेले. चाचांचं घर तिथं होतं. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, त्यांच्या मुलीनं चहा आणला. मी विचारलं, "तुम्ही असं का सांगितलंत?" ते म्हणाले, "तीस वर्सं हात चाललाय माझा. एका आधणानं तेला काय हुतंय? तुमचं पयलंच आधण हुतं." रसाचा अंदाज कधी न चुकलेल्या त्या माणसाचा माणसांबद्दलचा अंदाज मात्र चुकला, हे तेव्हा त्यांनाही कळलं नव्हतं आणि मलाही. मग मी वही काढली. दोन दिवस ते सांगत होते आणि मी लिहून घेत होते. माळाचा ऊस, मळईचा म्हणजे नदीच्या गाळातला ऊस, खारवट रानाचा, तोडल्यावर पुन्हा फुटलेल्या खोडव्याचा. कुणाला किती उकळ्या जास्त, कुणाला कमी. काही हातचं राखलं नाही. मधेच एकदा थांबून म्हणाले, "सगळं लिवून घेतलासा की. आता माझ्याजवळ काय ऱ्हायलं?" आणि मोठ्यानं हसले. त्यांची मुलगी हसली नाही.

परत येऊन मी लाख फोडली. स्क्रूच्या जागी बाहेरून फिरवता येईल असं बटण बसवलं आणि त्याच्याभोवती चार खुणा केल्या. पेटी चालली. खरंच चालली. अण्णांनी सगळ्यांना पेढे वाटले. अण्णांच्या मते तो बटणाचा शोध माझा होता, आणि पुढं ज्यांनी ज्यांनी मला नोकरी दिली त्यांच्या मतेही तो माझाच होता. माझं स्वतःचं युनिट उभं राहिलं त्याच्या पायात तो चार खुणांचा गोल आहे.

पुढच्या हंगामात मी बापूसाहेबांच्या गुऱ्हाळावर पेटीची तार बदलायला गेले. काहिलीवर एक अनोळखी तरणा गडी उभा होता. दिव्याकडं टक लावून बघत होता. मी विचारलं, "दस्तगीरचाचा?" बापूसाहेब पान चघळत म्हणाले, "आता कशाला? पेटी हाय न्हवं. आन् तेचा हात बी आता चुकतोय की. तेनंच सांगितलं, पाच जणांच्या म्होरं." ते सहज बोलले, मनात काही ठेवून नाही. मी पेचकस घट्ट धरला. आताही बोलता आलं असतं. पाहुणे नव्हते, अण्णा नव्हते, शिमग्याची अट संपली होती. मी तार बदलली, दिवा लागतो का बघितलं आणि निघाले. पहिल्या वेळी मी घाबरले होते असं म्हणता येतं. दुसऱ्या वेळचं नाव मला अजून सापडलेलं नाही.

चाचांना लहानसहान गुऱ्हाळं दोन-तीन हंगाम बोलवत राहिली. मग ती बोलावणीही थांबली. माणूस चुकतो म्हटल्यावर गुळासारखंच होतं, एकदा तार लागली की सगळीकडं लागते. मला हे इकडून तिकडून कळायचं. मी दर वर्षी ठरवायची की जायचं, आणि दर वर्षी काहीतरी निघायचं. कधी प्रदर्शन, कधी परीक्षण. नवीन पेटी, मग दुधाची उष्णता बघणारी पेटी, मग कारखान्यांसाठी मोठी. बढती मिळत गेली. जितकी वर चढले तितकी जायची भीती वाढत गेली, कारण उंचावरून खाली बघायला मला पहिल्यापासून भीती वाटते.

ऐंशीचं दशक निम्मं सरल्यावर एका थंडीत शेवटी गेले. ते घरी नव्हते. मुलीनं एसटी स्टँडकडं बोट दाखवलं. तिथं पुतण्याच्या सायकल दुकानात ते बसले होते. पुढ्यात पाण्यानं भरलेलं घमेलं, आणि त्यात ते सायकलची ट्यूब हळूहळू फिरवत होते. मान जराशी वाकडी करून. कुठून बुडबुडा येतो ते बघत. मला बघून त्यांनी ओळख दाखवली, पुतण्याला चहा सांगायला लावला, बसायला खोकं पुढं सारलं. दाढी आता एकाच रंगाची झाली होती.

मी काय काय बोलले! पेटी आता परराज्यात जाते, चार खुणांच्या आठ झाल्या, तुमचं नाव मी नेहमी घेते. यातलं शेवटचं खोटं होतं. ते ऐकत होते आणि ट्यूब फिरवत होते. शेवटी माझ्याजवळचं बोलणं संपलं. मी चहाचा पेला खाली ठेवला.

"चाचा," मी म्हणाले, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

मला खात्री होती ते काय म्हणतील याची. जाऊ द्या बाई, झालं गेलं. आपल्याकडं सगळे असंच म्हणतात. पाच-सहा वर्षं मी त्या एका वाक्याची वाट बघत होते, आणि मला वाटतं, तेवढ्यासाठीच मी तिथवर गेले होते.

"व्हय," ते म्हणाले. "बोलाय पायजे हुतं."

मी म्हणाले, "मला फार भीती वाटली हो."

त्यांनी ट्यूब पाण्यातून बाहेर काढली, बुडबुड्याच्या जागी अंगठा दाबून धरला आणि माझ्याकडं बघितलं.

"भ्या मलाबी वाटलंतं की," ते म्हणाले. "पर मी बोललो."